एका फेरीपुरतं

नव्या हंगामाचे आठ खोके सकाळीच येऊन पडले होते. पाच डोंगरात चालवायच्या सायकली, तीन रस्त्यावरच्या. जेवायच्या आत पहिली उभी करायची, असा मामाचा हुकूम. आणि दुकान मामाचं असल्यामुळे त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

भाच्याने पहिली सायकल स्टँडवर चढवली. हँडल बसवलं, चाकं लावली, ब्रेकच्या तारा ओवून ताणल्या. कंपनीने यंदा शेवाळी रंग दिला होता, टायर बोटभर जास्त रुंद केले होते आणि किंमतही त्याच मापाने फुगवली होती. एरवी असल्या गोष्टींवर तो यथेच्छ तोंडसुख घेई. आज हात चालत होते आणि तोंड बंद होतं.

मामा चहाचा कप ठेवून उठला. दुकानातली प्रत्येक नवी सायकल तो स्वतः तपासायचा. उजव्या हाताला पुढचा ब्रेक, डाव्याला मागचा, हा दुकानाचा नियम. त्याने पुढचं चाक फिरवून उजवा ब्रेक दाबला. चाक खुशाल फिरत राहिलं.

"उलटे जोडलेस," मामा म्हणाला.

खरंच उलटे होते. असे ब्रेक भाचा एकाच माणसासाठी जोडायचा. त्याचा धाकटा भाऊ डावखुरा. पुढचा ब्रेक त्याला डाव्या हाताशी लागायचा. घरीदारी सगळे त्याला डावऱ्या म्हणत. हंगामाची पहिली सायकल टेकडीवरून उतरवून बघायचा मान त्याचा. गेल्या वर्षी त्या उतारावर तो हँडलवरून पुढे फेकला गेला आणि पुन्हा उठला नाही.

"होतं असं सवयीने," मामा हळूच म्हणाला. "दर वर्षी त्याच्यासाठी बदलायचास ना."

"गेल्या वर्षी नव्हते बदलले."

मामाने फिरतं चाक हाताने थांबवलं.

"मागे लागला होता. दादा, बदलून दे, माझा गोंधळ होतो. मी म्हटलं, दहा मिनिटं मोडतील, एका फेरीपुरतं कशाला? ने तशीच." भाच्याने पाना हातातल्या हातात फिरवला. "उतारावर त्याने मागचा समजून उजवा दाबला असणार. पुढचं चाक जाम झालं."

मामाने जाऊन दुकानाचं दार लोटून घेतलं. मग स्टुलावर बसला.

"चाकाखाली दगड आला होता," तो म्हणाला. "ताईला आपण तेच सांगितलंय."

"तू सांगितलंस, मामा. मी नुसती आईसमोर मान हलवली."

"मग तशीच हलवत राहा."

मामाने चार शिव्या हासडल्या असत्या, एक ठेवून दिली असती, तर बरं झालं असतं, असं भाच्याला वाटलं. पण मामा उठून दुसऱ्या खोक्याची दोरी कापायला लागला होता.

भाच्याने भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली. दोन्ही तारा सैल केल्या, बाहेर ओढल्या, बाजू बदलून पुन्हा ओवल्या, कसल्या. पुढचं चाक फिरवून उजवा ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

त्याने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"नऊच मिनिटं लागली," तो म्हणाला.