बाळंतिणीची खोली

"मावशी, खडकावरचं शेवाळ काढलं तर गावातलं कुणी आड येणार नाही ना?" रिसॉर्टच्या शेटने विचारलं. "पाण्यात उतरलेल्या पाहुण्यांना मासे स्वच्छ दिसायला हवेत. नुसती घाण आहे ती."

घाण! गेल्या वर्षी माझ्या वाळत घातलेल्या मासळीलाही तो हेच म्हणाला होता, आणि लाथेने ती वाळूत उडवली होती.

त्या शेवाळात बोटभर पिल्लं लपतात, म्हणून गोबऱ्यासारख्या दांडग्या माशांच्या तोंडी पडत नाहीत. सासरे त्या जागेला बाळंतिणीची खोली म्हणायचे. तिथे कुणाला जाळं टाकू देत नसत.

"काढा की शेट," मी म्हणाले. "मुळासकट काढा."

त्याने माणसं लावून खडक खरवडले. पाणी काचेसारखं झालं. आठ दिवस गोबऱ्यांनी मेजवानी झोडली. पुढच्या हंगामात पाहुण्यांना नुसते बोडके खडक दिसले, आणि शेटने फाटकाला कुलूप ठोकलं.

त्या कुलपासमोर मी मुद्दाम चटई अंथरली, आणि मासळी वाळत घालायला नवऱ्याच्या होडीची वाट बघत बसले. होडी आली. जाळं रिकामं होतं.

"मासळी गेली कुठे गं?" त्याने विचारलं.

शेटला उत्तर देताना माझी जीभ अडखळली नव्हती.