दोन तास पुढं

विष्णुपुरीच्या आमच्या कॉलेजात मी आणि देविदासनं हौसेनं स्वतःची छोटी क्रिप्टो साखळी सुरू केली होती. दोघांचे कॉम्प्युटर कोडं सोडवायचे. ज्याचं आधी सुटेल त्याचा ब्लॉक, म्हणजे एक नोंद, साखळीला जोडला जायचा; त्यावर वेळ आणि आम्ही लिहिलेली एक ओळ. कोडी पटापट सुटली की साखळी ती अवघड करायची. ब्लॉकवरची वेळ घड्याळाच्या दोन तासांपर्यंत पुढं असली तरी चालायची.

दुपारी तीनला देविदासच्या कॉम्प्युटरवरून ब्लॉक आला. वेळ चारची. ओळ होती, ‘शेवटचं भजं शिल्पानं खाल्लं.’ शिल्पा म्हणजे मी.

“भजी अजून आणलीच न्हाईत की रे!” मी हसले.

“मी लिवलंच न्हाई हे!”

चारला भज्यांचा कागद रिकामा होता आणि शेवटचं भजं माझ्या तोंडात. आम्ही टाळ्या दिल्या.

तेवढ्यात त्याच्याच कॉम्प्युटरवरून दुसरा ब्लॉक आला, वेळ पाचची. ‘जातो.’

“हॅट! निघताना जातो कोण म्हणतंय? येतो म्हणायचं असतंय,” देविदास खिदळला. “बघच तू.”

पाचला त्यानं कॉम्प्युटर बंद केला, बॅग उचलली आणि दारातून मुद्दाम ओरडला, “येतो! येतो! येतो!”

मी पोट धरून हसले.

त्याची पावलं जिना उतरून गेली. मग माझ्यामागच्या त्याच्या रिकाम्या खुर्चीवरून, त्याच्याच हसऱ्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, “जातो.”