बानाबाईचं कडवं

त्रिसरण-पंचशील झालं, भंतेजी खाली बसले आणि माइक सुकेशनीच्या हातात आला.

हर्सूलच्या त्या वस्तीतली सगळी माणसं विहारासमोरच्या मांडवात पांढऱ्या कपड्यांत बसली होती. पारूबाईच्या फोटोपुढं मेणबत्त्या जळत होत्या. तिच्या मरणानंतरच्या ह्या पुण्यानुमोदनाला तिनंच रचलेलं गाणं व्हायचं, हे कुणी ठरवायची गरज नव्हती. बिभीषणमामानं ढोलकी मांडीवर ओढली. सुकेशनीनं डोळे मिटले आणि सूर लावला.

‘वीट उचला गं बायांनो, वीट उचला,
आपल्या हातानं विहार रचला!’

सगळा मांडव एका गळ्यानं मागोमाग आला. पोरीबाळी, म्हातारे, रस्त्याकडेला रिक्षा लावून उभे राहिलेले दोघंतिघंसुद्धा. ही त्या गाण्याची झील, म्हणजे दर कडव्याच्या आधी आणि नंतर सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळी. झील संपली. ढोलकीनं जागा करून दिली. सुकेशनीनं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

कडवं आठवेना.

मामानं एक फेरा वाजवला. आणखी एक वाजवला. “घे की गं,” तो पुटपुटला.

“मामा, तुम्हाला येतंय का?”

“मी ढोलकी वाजवू का कडवी पाठ करू? तू तर लग्न होऊन आली तवापासून तिच्या शेजारी बसती.”

बसत होती, खरंच. पण झील धरणाऱ्याचं काम वेगळं असतं. पारूबाई कडवं म्हणायची तेव्हा सुकेशनी दम खायची, घोटभर पाणी प्यायची, समोर कोण कोण आलंय ते बघायची. कान असायचा तो फक्त कडव्याच्या शेवटच्या शब्दावर. तो पडला की झील उचलायची. ते शब्द तिला अजून पाठ होते. माती. घागर. उन्हात. पोटाशी. त्यांच्या मागचं काहीच नव्हतं.

विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची नावं दगडात कोरलेली होती. दिवसभर दुसऱ्याच्या कामावर राबून, संध्याकाळी इथं विटा वाहायला आलेल्या बायांची नावं मात्र गाण्यातच होती, एकीचं एक कडवं. त्यातली आता एकच बाई मागं राहिली होती. ती पहिल्याच रांगेत बसली होती.

“सुके,” बानाबाई म्हणाली, “माझं कडवं म्हण.”

“आजी, जरा थांबा.”

“लई थांबले. दरसाली माझं कडवं आलं की मी उठून चहाचं बघायला जायची. आज ऐकणार हाय.”

सुकेशनी माइक ठेवून तिच्यापुढं येऊन बसली. “आजी, तुमचं कडवं ‘पोटाशी’वर संपतं ना? त्याच्या आधी काय होतं?”

“व्हय, पोटाशी. लेकरू पोटाशी बांधून विटा वाह्यल्या मी. बारशाच्या आधीच गेलं ते. बिननावाचं पुरलं.” म्हातारीचा आवाज जराही हलला नाही. “मग पारूनं गाण्यात त्याला नाव ठिवलं. मला म्हणली, बाने, बसून ऐक. मी म्हणले, आत्ता नगं, मला सोसायचं नाय. ऐकीन की कधीतरी. पारू काय कुठं पळून चालली?” तिनं सुकेशनीचं मनगट धरलं. “काय नाव ठिवलं व्हतं गं?”

सुकेशनी उठून मांडवाकडं वळली. “बानाआजीच्या लेकराचं गाण्यात नाव काय होतं? सांगा कुणीतरी!”

“राहुल,” मागून कुणी तरी म्हणालं.

“राहुल नाय, आनंद. मला पक्कं आठवतंय.”

“तुला काल काय खाल्लं ते आठवत नाय! गौतम व्हतं.”

जो बोलेल त्याच्याकडं बानाबाईची मान वळत होती. प्रत्येक नावाला तिचे ओठ हलायचे. ते नाव ती त्या लेकराला लावून बघत होती.

“एकच सांगा ना रं,” ती म्हणाली.



“थांबा, माझ्याकडं व्हिडिओ हाय!” पारूबाईची नात मोनिका फोन घेऊन माणसांतून वाट काढत पुढं आली. “सगळे झीलचेच हायेत. झीलच्या वेळी सगळ्यांची तोंडं दिसतात, म्हणून तेवढंच काढायचे स्टेटसला. पण ह्या एकात आजी बोलती. बानाआजीचं नावपण घेती.”

तिनं फोन माइकला लावला. आधी खरखर झाली, मग खोकला. मग पारूबाईचा आवाज मांडवभर आला, जाड आणि हसरा.

“आता बानाबाईचं घेऊ. आरं, कुठं गेली ही बया? जाऊ द्या. आधी झील धरा सगळ्यांनी, जोरात. बाकीचं माझ्यावर सोडा.”

फोनमध्ये ढोलकी कडाडली. बिभीषणमामाचे हात त्याच्याही नकळत कातड्यावर पडले आणि सगळ्या मांडवानं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, झील उचलली. फोनमधली झील अर्ध्यावरच तुटली, व्हिडिओ तेवढाच होता. मांडवातली चालूच राहिली. सगळ्यांत मोठा आवाज सुकेशनीचा होता.

एकटी बानाबाई गात नव्हती. कानामागं हात धरून ती पुढं वाकली होती.