पुढच्या चाकाखालचा डाग

शिवराजची आठवड्याचे सहा दिवस चिंचोळी एमआयडीसीत ड्युटी. पहाटे गाडी काढायची, दिवेलागणीला आणून दारात लावायची. ती नीट नजरेला पडायची ती रविवारीच.

अशाच एका रविवारी पुढच्या चाकाखाली काळपट, तेलकट डाग दिसला. सोळा वर्षांची गाडी, ऑइल गळणारच. मेकॅनिक म्हणाला, "इंजिन खोलावं लागतंय, चार दिवस गाडी सोडा." मग चार दिवस कामावर जायचं कशानं? शेवटी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिवराजनं स्वतःच हातात पाना घेतला.

त्या रविवारी त्यानं गॅस्केट बदललं. पुढच्या रविवारी डाग वाढलेला. त्यानं खालचे सगळे बोल्ट आवळले. त्याच्या पुढच्या रविवारी डाग आणखी मोठा. इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी मात्र दर वेळी ऑइल पुरेपूर असल्याचंच दाखवायची. हळूहळू पट्टीवरचाही त्याचा विश्वास उडाला.

चौथ्या रविवारी तो पाठीखाली पोतं टाकून गाडीखाली नुसताच पडून राहिला. पाना उचलायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याची आई, दगडाबाई, चहा घेऊन आली आणि पायरीवर टेकली.

"लई दमलास रं शिवा. काळजी करू नगंस. महिना झाला, शनवारी सांजच्याला मारुतीला तेल वाहून आले की बाटलीत उरल्यालं ह्या चाकावर घालतीया मी. रोज हायवेनं जातोस न्हवं."

तिनं कप पुढं सरकवला.



"तरी बी तू दर रविवारी गाडीखालीच. मग मी बी दर शनवारी थोडं वाढवत गेले की."