हाताला गुण

तुरुंगाच्या जेवणघरातली बाकं भिंतीला सरकवून मधे मोकळी जागा केली होती. तिथे काजळी नावाची कुत्री बसली होती आणि तिच्या शेजारी प्लंबर उभा होता. आत आल्यापासून सगळ्या बराकींचे नळ तोच दुरुस्त करायचा, म्हणून शिपायापासून जेलरपर्यंत सगळे त्याला प्लंबरच म्हणत.

निवाऱ्यातली बेवारशी कुत्री कैद्यांनी सांभाळायची, शिकवायची आणि मग चांगल्या घरी द्यायची, असा तो उपक्रम होता. काजळीला न्यायला आज एक म्हातारे घड्याळजी आले होते. कैद्यांनाही घरचं एक माणूस बोलवायची मुभा होती. प्लंबरने बायकोला फोन केला तेव्हा ती नुसती "बघते" म्हणाली होती, म्हणून त्याने आशा धरली नव्हती. पण ती आली होती. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून बसली होती.

काजळीने सगळं व्यवस्थित केलं. बस म्हटलं की बसली. थांब म्हटल्यावर नाकासमोर बिस्किट असूनही थांबली. तोंडातून लाळेची तार तेवढी जमिनीला टेकली, आणि लोक हसले. प्लंबरने दाराकडे पाहिलं. बायकोही हसत होती. ते बघून त्याच्या आवाजात जरा ऐट आली.

घड्याळजींना कुत्री पसंत होती, पण एक गोष्ट त्यांना खात होती. त्यांचा एक पाय अधू होता, काठीशिवाय त्यांचं चालत नसे. निवाऱ्याच्या बाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की ही मार खाऊन आलेली आहे, कुणी केर काढायला झाडू उचलला तरी खाटेखाली जाऊन थरथरायची. मी तर दिवसभर काठी घेऊनच वावरणार, घड्याळजी म्हणाले, मग हिने काय जन्मभर माझी धास्ती घेऊन राहायचं? तसं असेल तर मी आपला एकटाच परत जातो.

बाई काही बोलायच्या आत प्लंबर म्हणाला, "आता नाही घाबरत. दाखवतो."

त्याने काठी मागितलीच नाही. एक पाऊल पुढे झाला, उजवा हात खांद्यामागे नेला आणि सपकन काजळीच्या कानाजवळून खाली आणला.

काजळीने नुसती पापणी लववली. मग मान लांब करून तो हात हुंगला. त्यात आणखी एखादं बिस्किट असेल, असं तिला वाटलं असावं.

टाळ्या पडल्या. प्लंबरने पुन्हा दाराकडे पाहिलं.

त्याच्या बायकोचा कोपर चेहऱ्यासमोर आडवा आला होता. मान खांद्यांत गेली होती, डोळे गच्च मिटले होते. पर्स खाली पडली होती.

मग टाळ्या ऐकून तिने डोळे उघडले. वर गेलेला हात तसाच पुढे नेऊन तिने कानामागे केस सारखे केले. शेजारच्या बाईने पर्स उचलून दिली आणि बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं. उकडतंय, असं ती म्हणाली.

आणखी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. घड्याळजी काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी प्लंबरचा तोच हात आपल्या हातात घेतला.

"तुमच्या हाताला गुण आहे हो," ते म्हणाले.

जेलरनेही मान डोलावली. प्लंबरला हात सोडवून घ्यायचा होता, आणि सुटल्यावर तो कुठे ठेवावा ते कळेना. तुरुंगाच्या सदऱ्याला खिसे नसतात. काजळीला निरोप देताना काय काय करायचं ते त्याने कधीचं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच त्याला करवलं नाही. फरशीकडे बघत त्याने पट्टा घड्याळजींच्या स्वाधीन केला आणि बाजूला झाला.

नंतर घरच्यांसोबत चहा होता. बायको टेबलाच्या पलीकडे बसली. लेकीचं कॉलेज नीट चाललंय, वरच्या मजल्यावरचे जागा सोडून गेले, असं तिने सांगितलं. तो हं हं करत राहिला. हात त्याने टेबलाखाली घेतले होते. चहा तसाच निवत होता.

"तिची भीती कशी मोडली?" बायकोने विचारलं.

खाली बघतच त्याने सांगितलं की मोडली वगैरे नाही. आपण जमिनीवर बसायचं, हात उघडे ठेवायचे, तोंड दुसरीकडे करायचं. हाक मारायची नाही, लालूच दाखवायची नाही. तिला वाटेल तेव्हा ती खाटेखालून बाहेर येईल.

"आणि आली नसती तर?"

"तर तिचं काही चुकलं नसतं," तो म्हणाला.

बायकोने आपला चहा संपवला. वेळ झाल्याचं शिपायाने सांगितलं तेव्हा ती उठली, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि दारापाशी जाऊन थांबली.

"येते," ती म्हणाली.

निघताना सगळेच तसं म्हणतात. त्याने मान वर केली नाही.