एका गाडीत तिघं

“आजपासून तुम्ही तिघांनी एका गाडीत बसायला हरकत नाही,” हॅलोरनसाहेब म्हणाले आणि दाराशीच घुटमळले.

कारखान्यातल्या टीव्हीवर अजून समुद्र दिसत होता. चंद्रावरचे शेवटचे पाहुणे नुकतेच परतले होते. तीन नारिंगी-पांढऱ्या हवाई छत्र्या, तिन्ही गच्च फुगलेल्या, आणि त्यांच्याखाली अलगद उतरणारं यान. पाहताना तिघांनीही श्वास रोखून धरला होता, कारण त्या छत्र्यांची घडी त्यांच्याच हातची.

व्हर्ना, तिचा नवरा एलियास आणि म्हातारा ऑर्विल. अख्ख्या अमेरिकेत हे काम येणारी माणसं एवढीच. साडीच्या निऱ्या घालाव्यात तशी एकेक घडी हातानं बसवायची. मग यंत्राखाली दाबून दाबून तो ढीग लाकडासारखा टणक करायचा. एक घडी चुकली, तर वरची माणसं दगडासारखी समुद्रावर आदळणार. म्हणून पहिल्याच दिवशी हॅलोरनसाहेबांनी फर्मान काढलं होतं. तिघांपैकी कुणीही दोघांनी एका गाडीत बसायचं नाही. “उद्या गाडी दरीत गेली, तर चंद्रावरून येणाऱ्यांना झेलायचं कुणी?”

ऐकायला मोठं कौतुकाचं. पण व्हर्ना-एलियासचं लग्न झालं आणि त्या कौतुकाचा जाच सुरू झाला. चर्चमधून नवरा-नवरी निघाली ती दोन गाड्यांतून. नाताळात ऑक्सनार्डला सासूच्या हातचे, मक्याच्या पानात उकडलेले तामाले खायला जायचं, तेही पुढेमागे, दोन गाड्यांतून. त्यांच्या मागे ऑर्विल, तिसऱ्या गाडीतून. “पुन्हा भांडलात का रे?” सासू दर वर्षी विचारायची. शेजारणी तर त्यांचा घटस्फोट केव्हाच लावून मोकळ्या झाल्या होत्या.

हे सगळं व्हर्नानं हसण्यावारी नेलं. वडील गेले तेव्हा मात्र तिला हसता आलं नाही. माहेरी, बेकर्सफील्डपर्यंतचा सगळा रस्ता ती एकटी रडत गाडी चालवत गेली. आरशात मागून येणाऱ्या एलियासच्या गाडीचे दिवे दिसत होते. नवरा हाकेच्या अंतरावर, आणि डोकं टेकायला खांदा नाही. त्या दिवशी तिनं चंद्राला मनापासून शिव्या घातल्या.

गेल्या वर्षी चंद्रावर जाऊन आलेला एक जण बायकोला घेऊन कारखाना बघायला आला होता. तो गडी भारावून नुसता सगळ्यांचे हात हातात घेत राहिला. बायकोनं मात्र व्हर्नाला घट्ट मिठी मारली.

“विमानतळावरून घरी येताना हा गाडीत माझ्या शेजारी बसला होता,” ती म्हणाली. “नुसता बसला होता. तुमच्यामुळे.”

व्हर्ना तोंडदेखलं हसली. नशीबवान आहेस बाई, एवढंच तिच्या मनात आलं.

आता फर्मान उठलं होतं आणि त्याबरोबर कामही. पृथ्वीभोवतीच फिरून यायच्या उरलेल्या दोन-चार उड्डाणांच्या छत्र्या बांधून कपाटात ठेवलेल्या होत्या. नव्या लागणार नव्हत्या. हॅलोरनसाहेबांनी तिघांशी हात मिळवले. “तुम्ही होतात म्हणून मला झोप लागायची,” म्हणाले आणि तोंड फिरवून टीव्ही बंद करायला गेले.

बाहेर एलियासनं गाडीचं दार व्हर्नासाठी उघडून धरलं. नव्या नवरीसारखी ती लाजली. ऑर्विल मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला.

“आज तिघांना एकत्र बघून आई काय म्हणेल?” एलियासनं विचारलं.

“म्हणेल, झाला बाई एकदाचा समेट!” व्हर्ना म्हणाली.

गाडी ऑक्सनार्डच्या उताराला लागली. एका बाजूला दरी, दूर खाली समुद्र. सवयीनं व्हर्नाची नजर आरशाकडे गेली. मागे रस्ता मोकळा होता. तिच्या काळजात धस्स झालं. मग तिनं शेजारी पाहिलं. एलियास होता. गाडी चालवत नुसता बसला होता. इतकी वर्षं आपण आपल्या हातांनी घरोघरी काय परत पाठवत होतो, ते तिला आत्ता कळलं. तिचे डोळे भरून आले. कारखान्यात भेटलेल्या त्या बाईला तिनं मनातल्या मनात परत एकदा मिठी मारली, या वेळी खरीखुरी.

“गंमत बघा,” मागून ऑर्विल म्हणाला, “आता ही गाडी दरीत गेली, तरी कुणाचं काही अडायचं नाही!”

एलियास खो खो हसला. व्हर्नानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“माझं अडेल,” ती म्हणाली. “हळू चालव.”