ओला पुठ्ठा

चौथ्या ग्लासात नाक घालताना नाकसाहेबांचं लक्ष ग्लासात नव्हतं, सूनबाईच्या चष्म्यावर होतं.

चष्मा कपाळावर गेला की वाईन उत्तम. रुमालाने पुसला की बेताची. काढून हातात धरला की बिघडलेली. वाईनच्या स्पर्धेत बाटल्या उघडायचं आणि ग्लास भरायचं काम सूनबाईचं, त्यामुळे प्रत्येक बाटलीचा वास आधी तिच्या नाकात जायचा. सासऱ्यांचं नाक मागे एका तापात गेलं ते परत आलंच नव्हतं. ज्या नाकाला सगळा धंदा टरकून असे, ते आता चेहऱ्यावर शोभेपुरतं होतं, आणि हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वर्णनाचं मात्र काहीच अडलं नव्हतं. 'पिकलेलं जांभूळ, मागे किंचित तंबाखू आणि शेवटी थोडा संकोच,' असं ते पूर्वीसारखंच सांगत आणि टेबलाभोवतीचे बाकीचे परीक्षक माना खाली घालून ते उतरवून घेत. वर्णनाला नाक लागत नाही, हे त्यांना तापानंतर कळलं होतं आणि जरा वाईटच वाटलं होतं.

सूनबाईनं चष्मा काढून हातात धरला. नाकसाहेबांनी चेहरा आंबट करायची तयारी केली, रीत म्हणून ग्लासावर एक श्वास आत ओढला आणि थबकले.

काहीतरी होतं.

त्यांनी पुन्हा श्वास ओढला. भिजलेलं खोकं, कुणी उचललंच नाही म्हणून जिन्याखाली कुजत पडलेलं. घाण वास. अगदी अस्सल, निर्विवाद घाण वास!

"ओला पुठ्ठा!" नाकसाहेब ओरडलेच. "अहाहा! काय पुठ्ठा आहे हो!"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना वर झाल्या. इतक्या वर्षांत नाकसाहेब कुठल्याही वाईनसाठी रडले नव्हते. मग भराभर पेनं चालायला लागली.

"पुठ्ठा. बरोबर," परीक्षकांचे अध्यक्ष ग्लास उजेडात धरत म्हणाले. "मी म्हणणारच होतो."

"आणि पुठ्ठाही जुना हं," त्यांच्या शेजारच्या हॉटेलवाल्या बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. "हल्लीच्या रेड वाईनमध्ये पुठ्ठा राहिलाय कुठे?"

सूनबाई बाटली पुसायच्या निमित्तानं लगबगीनं त्यांच्या खुर्चीशी आली. "बाबा, काय चाललंय? चष्मा दिसला नाही का? बुचाला बुरशी होती त्या. बिघडलीय ती!"

"बिघडलीच आहे गं!" नाकसाहेब कुजबुजले आणि त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "मला वास येतोय!"

सूनबाईच्या हातातला रुमाल गळून पडला.

"देवा रे," ती म्हणाली. मग तिचा आवाज आणखी खाली गेला. "पण बाबा, डॉक्टर म्हणाले होते, एखादाच वास परत येतो कधीकधी. आणि तेवढाच राहतो."

नाकसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. उरलेलं आयुष्य ओल्या पुठ्ठ्यावर काढायचं म्हणजे फारच झालं.

"पाचवा भर," ते म्हणाले. "लवकर भर." आणि मग टेबलाकडे वळून, "चौथी बाद करा. बुरशी आहे बुचाला."

"बाद?" अध्यक्ष चमकले. "अहो, पैकीच्या पैकी दिलेत मी! आत्ता तर रडलात तुम्ही!"

"आनंदानं रडलो."

"बिघडलेल्या वाईनचा आनंद?"

"तुम्हाला नाही कळायचं. तुमचं नाक कधी बंद पडलेलं नाही."

अध्यक्षांनी हा मोठेपणा समजून मान झुकवली आणि आकडा खोडला. बाकीच्यांनीही खोडला.

पाचवी व्हाइट वाईन होती, थंडगार, ग्लासाला बाहेरून घाम आलेला. नाकसाहेबांनी सवयीनं मान वर करून चष्मा शोधला. सूनबाईनं चक्क पाठ फिरवली होती.

"अगं, इकडे बघ ना!"

"नाही बघणार. आता तुमचं तुम्ही."

त्यांनी ग्लास उचलून वाईन दोनदा गोल फिरवली. नाक खाली नेलं. काही नाही. काचेचा गारवा तेवढा नाकाच्या शेंड्याला लागला. त्यांनी डोळे मिटले आणि लहान मूल फूल हुंगतं तसा घाईघाईनं, लोभानं श्वास ओढला.

आधी लिंबाची साल आली. खरवडलेली, ओली. तिच्यामागे पेअरची फोड. आणि सगळ्यात शेवटी, दबकत दबकत, उन्हात तापलेल्या दगडावर पाणी पडावं तसं काहीतरी, ज्याला आजवर त्यांनी हजार नावं दिली होती आणि त्यातलं एकही आत्ता आठवत नव्हतं.

"काय म्हणता, नाकसाहेब?" अध्यक्षांनी पेन सरसावलं. "काय लिहायचं?"

नाकसाहेबांनी ग्लासातून नाक न काढता एक बोट वर केलं. थांबा.

सगळे थांबले. पेनं कागदावर टेकलेली राहिली. बोट खाली आलं नाही. नाकसाहेबांचे खांदे वर जात होते, खाली येत होते, पुन्हा वर जात होते.

बऱ्याच वेळानं हॉटेलवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही अशी खात्री करून घेतली आणि आज पहिल्यांदाच स्वतःच्या ग्लासात नाक घातलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या.